केतकीबाईसाहेबांनी शाळाखाते सोडिले, त्याची हकीकत

श्री कुलस्वामिनी समर्थ. तिचे चरणी मस्तक ठेवून, आणि कोणी हाक मारणार नाही इतकी घटकाभर सवड तिजकडेच मागून, हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. नाव पंचांगकर्त्यांनी ठेविले, परंतु ते सार्थ कैसे जाहले हे पुढे वाचिल्याने ध्यानी येईल. नदीकाठी एक नगर होते आणि त्या नगरात एका इमारतीचे तिसरे मजल्यावर एक राज्य होते. राज्य लहान, तीन खोल्यांचे. पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस न्हाणीघर, मध्ये स्वयंपाकघर आणि तेच राजधानीचे ठिकाण. राज्याचे धनी राजश्री हृषीकेशराव, विम्याचे कचेरीत थोर हुद्द्यावर. कोणते गावच्या कोणत्या माणसाची गाडी कोणत्या साली झाडावर आदळली हे कागद न पाहता सांगत, ऐसी त्यांचे स्मरणशक्तीची ख्याती. त्यांच्या मातुश्री विमलबाई घरी असत. कन्या रेवती चौथीत, पुत्र शौनक बालवाडीत. आणि या सर्वांचे वर, किंबहुना या सर्वांचे खाली, कारण भार खालूनच उचलावा लागतो, हृषीकेशरावांच्या पत्नी केतकीबाईसाहेब. त्या नगराचे पाणीखात्यात अभियंता होत्या. कोणते पेठेस पहाटे पाणी सोडावे, कोणते पेठेस दुपारी, हे त्या ठरवीत, आणि त्यांचा शब्द गेल्याखेरीज व्हॉल्व्हची चावी फिरत नसे. अवघे नगर त्यांचे वेळापत्रकावर घागरी भरी. घरात मात्र त्यांचे वेळापत्रकावर कोणी पेलाही भरीत नसे, ऐसा प्रकार.

रोजची मोहीम सूर्योदयापूर्वी सुरू होई. बाईसाहेब उठत, आणि कुकर चढवीत, मग कणीक मळीत, मग डबे भरीत, रेवतीचे डब्यात भाजी कोरडी, हृषीकेशरावांचे डब्यात रसाची, मातुश्रींस बिनमिरचीची, आणि शौनकास भाजी दिसणार नाही ऐसी पोळीत दडवून; मग पाण्याच्या बाटल्या, मग गणवेश, मग दप्तर, मग शाळेच्या गटावर मध्यरात्री कोणा उत्साही पालकाने टाकिलेल्या सूचना, आणि हे सर्व करोन स्नानास जात. तोवर राज्यात कोणासही काही लागत नसे. बाईसाहेबांनी न्हाणीघराचे दार लाविले की लागलीच दारावर मोर्चे लागत. प्रथम रेवती येई, "आई, माझी पट्टी कुठाय?" मग मातुश्री येत, "अगं, माझी सकाळची गोळी जेवणाआधी की नंतर?" मग स्वतः राजश्री येत आणि म्हणत, "केतकी, माझा निळा शर्ट दिसत नाहीये." बाईसाहेब अंगावर साबण असता आतून सांगत की कपाटात, डावीकडे, तिसरा. मग राजश्री जात आणि परत येत आणि म्हणत, "नाहीये गं." मग बाईसाहेब ओले केस घेऊन बाहेर येत, कपाटापुढे उभ्या राहात, आणि डावीकडचा तिसरा शर्ट काढून हाती देत. राजश्री हसोन म्हणत, "तुला बरोबर सापडतं!" हे ते कौतुकाने म्हणत, यात संशय नाही. मनुष्य मनाचा निर्मळ, कोणतेही काम सांगितले तर नाही म्हणणार नाही. इतकेच की सांगावे लागे.

दिवाळीचे सुटीत बाईसाहेबांचे मनात आले की राज्याचा पक्का बंदोबस्त करावा. मग बाजारातून एक पांढरा फळा आणिला आणि स्वयंपाकघराचे भिंतीस लाविला. प्रत्येकास एक रंग नेमून दिला. दारामागे किल्ल्यांस, छत्र्यांस, दप्तरांस वेगवेगळे आकडे ठोकिले, डब्यांवर नावे चिकटविली, आणि सर्वांचे फोनात एक सामाईक दिनदर्शिका घालून दिली की आठवण आपोआप वाजावी. तो बंदोबस्त पाहून शेजारच्या बाया येऊन वाखाणोन गेल्या. "बाई, तुमचं सगळं कसं जागच्या जागी!" ऐसे बोलिल्या. पुढे काय जाहले म्हणाल, तर मातुश्रींनी बुधवार पुसोन तेथे गॅसवाल्याचा नंबर लिहिला, आणि शौनकराजांनी गुरुवारावर हत्ती काढिला, तो इतका मोठा की त्याची सोंड शनिवारात गेली. दिनदर्शिका वाजे तेव्हा राजश्री ती त्वरित बंद करीत, कारण की कचेरीत वाजलेले बरे दिसत नसे. आणि एके दिवशी बाईसाहेब उपसा केंद्रावर असता राजश्रींचा घरून फोन आला. "केतकी, फळ्यावर आज काय लिहिलंय?" बाईसाहेबांनी विचारिले, "तू आत्ता कुठे आहेस?" उत्तर आले, "फळ्यासमोरच. पण तूच सांग पटकन, हिरवा रंग कुणाचा?" बाईसाहेबांनी रंग सांगितला आणि फोन ठेविला. राज्याचा बंदोबस्त फळ्यावर चढला खरा, परंतु फळा वाचावयाचे कामही त्यांचेच माथी आले.

मग मार्गशीर्ष मास लागला आणि दोन मोठी कार्ये एकाच दिवशी आली. नगराचे उत्तरेस टेकडी आहे. टेकडीवरील वस्तीस नळ होते परंतु नळास पाणी नव्हते. बायका टँकरची वाट पाहात आणि टँकर आला की भांडी घेऊन धावत, भांडत, सांडीत. तेथे उंच टाकी बांधिली होती, आणि खालचे जुने पाइपास वरचा नवा पाइप जोडून पाणी चढवावे, ही मसलत बाईसाहेबांची. दोन वर्षे त्यांनी त्यापायी चपला झिजविल्या होत्या. जोडणीचा दिवस ठरला, आणि त्याच दिवशी रेवतीचे शाळेचे स्नेहसंमेलन. रेवती नाटकात कासव जाहली होती. तिची पुठ्ठ्याची ढाल बाईसाहेबांनीच रविवारी बसोन कातरली, चिकटविली, रंगविली होती. नाटक सायंकाळी, जोडणी सकाळी. दुपारपर्यंत पाणी चढेल, मग आपण थेट शाळेत जाऊ, ऐसा हिशेब बाईसाहेबांनी केला आणि कन्येस वचन दिले. रेवती म्हणाली, "पुढच्या रांगेत बस हं आई. मी मान बाहेर काढली की तू मला दिसली पाहिजेस." बाईसाहेब बोलिल्या, "बसते. नक्की." हृषीकेशरावांनी त्या दिवसाची रजा घेतली. आदले दिवशी बाईसाहेबांनी त्यांस समोर बसवून सर्व सांगितले: ढाल माळ्यावर आहे, हिरवे मोजे खणात, शौनकास खोकला आहे त्याचे औषध फ्रिजावर, मुलांस दुपारी शाळेत मागील दाराने सोडावयाचे. राजश्री बोलिले, "अगं हो, कळलं. तू निर्धास्त जा. काही लागलं तर फोन करतो ना." ते शेवटले वाक्य ऐकोन बाईसाहेबांनी आपला फोन चार्जिंगास लाविला.

जोडणीचे दिवशी बाईसाहेब उजाडता टेकडीखाली दाखल जाहल्या. खड्डा खणिला होता, खड्ड्यात जुना पाइप आणि नवा पाइप तोंडास तोंड लावून होते, मध्ये रबराची चकती, भोवती बोल्ट, आणि माणसे खाली उतरून बोल्ट आवळीत होती. वरचे अंगास व्हॉल्व्हपाशी दस्तगीर मिस्त्री चावी धरोन उभे. त्यांचे केस या खात्यात पांढरे जाहले होते. बोली ऐसी की खालील सर्व बोल्ट आवळिले, माणसे वर आली, म्हणजे बाईसाहेबांनी हात करावा आणि "सोडा" म्हणावे, मग मिस्त्रींनी पाणी सोडावे. टेकडीचे चढावर बायका घागरी मांडून आधीच बसल्या होत्या. आणि राजश्रींचे फोन सुरू जाहले. प्रथम फोन, "माळ्यावर दोन खोकी आहेत, ढाल कुठल्यात?" बाईसाहेबांनी सांगितले. मग फोन, "औषध एक चमचा की दोन? आणि चमचा कुठला, चहाचा की त्यातला प्लास्टिकचा?" सांगितले. मग मातुश्रींचा फोन, "अगं, हृषी औषध देत होता, मी नको म्हटलं, ओव्याचा काढा दिलाय, चालेल ना?" चालेल म्हणोन सांगितले. खालचा माणूस विचारी, "मॅडम, हा बोल्ट आटे खातोय, आवळला जात नाही, बदलू का?" तेही सांगितले. एक कान घरी, एक कान खड्ड्यात, आणि मध्ये बाईसाहेब. दोन बोल्ट बाकी राहिले, माणसे वर येऊन बोल्ट आवळावयाचे पाने बदलीत होती, पंप घोंगावत होता, तोच पुन्हा फोन वाजला. "केतकी, हिरवे मोजे दोन प्रकारचे आहेत. एक पोपटी आहेत आणि एक शेवाळी. कासवाला कुठले?" बाईसाहेब म्हणाल्या, "कुठलेही." राजश्री म्हणाले, "अगं पण बाईंनी ग्रुपवर काहीतरी लिहिलं होतं ना रंगाचं? तू वाचलं असशील." तेव्हा बाईसाहेबांचा धीर सुटला आणि त्यांनी दुसरा हात हवेत फेकून मोठ्याने म्हटले, "सोड रे आता!"

पंपाचे आवाजात दस्तगीर मिस्त्रींनी शब्द ऐकिला आणि हातही पाहिला, आणि त्यांनी चावी फिरविली. पाणी आले. दोन बोल्ट ढिले, चकती एका अंगास सरकली, आणि सांध्यातून पाण्याची भिंत उठली ती बाभळीचे शेंड्यास लागली. खड्डा भरला, माणसे पळाली, पाने वाहोन गेले. बाईसाहेब नखशिखांत भिजल्या आणि "बंद करा! बंद करा!" म्हणोन ओरडू लागल्या, मग मिस्त्रींनी उलटी चावी फिरविली. दैवे करोन खड्ड्यात कोणी नव्हते, कोणास इजा जाहली नाही. दस्तगीर मिस्त्री धावत आले, त्यांचा चेहरा उतरला होता. "मॅडम, तुम्हीच सोडा म्हणाला ना? मी ऐकलं." बाईसाहेब चेहऱ्यावरील पाणी निपटीत बोलिल्या, "म्हणाले चाचा. तुमची काही चूक नाही. मी घरी बोलत होते." इतक्यात वरिष्ठ धारूरकरसाहेब गाडीतून उतरले. कोरडे होते ते. बुटांस चिखल लागू नये ऐसे दूर उभे राहिले आणि बोलिले, "मॅडम, घर घरी ठेवून यायचं असतं. ऑफिसात घर आणलं की असं होतं." बाईसाहेबांचे जिभेवर पुष्कळ आले. साहेब, घर मी कोठे ठेवू, ते तर सगळे माझे डोक्यात भरून ठेविले आहे, ऐसे आले. परंतु त्या इतकेच बोलिल्या, "पाणी आज चढेल, साहेब." आणि फोन हातात अजून वाजत होता, तो त्यांनी बंद केला, समूळ बंद केला, आणि डब्याचे पिशवीत तळाशी टाकिला.

मग खड्डा उपसावा लागला. चकती फाटली होती, नवी भांडारातून आणावयाची, भांडार नगराचे दुसरे टोकास. बाईसाहेब ओल्या कपड्यांनिशी काठावर उभ्या राहिल्या आणि एकेक गोष्ट पुनः मांडू लागल्या. माणसे वाटून दिली, भांडाऱ्यास दुसऱ्याचे फोनावरून दटाविले, जुने बोल्ट फेकून नवे मागविले, खालचे पेठांचे पाणी फिरवून घेतले. आणि नवल ऐसे जाहले की त्यांचे डोक्यात एका वेळी एकच विचार राहू लागला. पाइप म्हणजे पाइप. त्याचे पाठीमागे मोजे नाहीत, गोळी नाही, डबा नाही. ऐसे कित्येक वर्षांत जाहले नव्हते. दुपार कलली, चकती आली, बसविली, बोल्ट त्यांनी स्वतः वाकून पाहिले. मग सर्वांस वर घेतले, हात उंच केला आणि म्हणाल्या, "सोडा, चाचा." पाणी चढले. टेकडीवरील पहिले नळाने आधी नुसती हवा फुंकरली, मग तांबडे पाणी थुंकिले, मग नितळ धार लागली. बायका उठल्या. नंतर एकीने घागर लाविली आणि कोणी भांडले नाही, कारण सर्वांचे दारी तीच धार होती. एका बाईने बाईसाहेबांस स्वतःचा पदर तोंड पुसावयास दिला आणि चहा दिला. बाईसाहेब तो चहा गरम असतानाच प्याल्या, आणि पेला खाली ठेविताना त्यांनी पश्चिमेस पाहिले. सूर्य बुडत होता. तेव्हा त्यांस आठवले की नाटक.

खरे लिहावे तर त्या विसरल्या होत्या. अवघ्या राज्याच्या पट्ट्या, गोळ्या, मोजे ज्यांचे ध्यानी असत त्या दुपारभर कन्येस विसरल्या. अंगावर चिखल वाळला होता तैशाच त्या रिक्षात बसल्या आणि शाळेचे दाराशी गेल्या तो मंडप सोडावयास लागले होते. मग घरी आल्या. घराचा प्रकार ऐसा: माळ्यावरील दोन्ही खोकी उघडी पडली होती, ओटा बशांनी भरला होता, शौनक सोफ्यावर निजला होता आणि त्याचे शेजारी अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा. रेवती खुर्चीत बसली होती. एका पायात पोपटी मोजा, एका पायात शेवाळी. पाठीवर ढाल अद्याप होती, आणि ती हृषीकेशरावांचे पँटीच्या पट्ट्याने बांधिली होती, कारण की नाडी तुटली आणि विचारावयास फोन लागेना, म्हणोन राजश्रींनी आपला पट्टा काढून दिला आणि नाटक संपेपर्यंत एका हाताने पँट धरोन शाळेत हिंडले. मातुश्री सांगू लागल्या, "नाटकात ढाल सरकून पोटावर आली हिची. सगळे हसायला लागले. तर ही खाली बसली आणि मान आत घालून घेतली!" बाईसाहेबांनी कन्येजवळ बसोन विचारिले, "मग?" रेवती ढालीचा काठ कुरतडीत म्हणाली, "मग सगळे गप्प झाले. मग मी हळूच मान बाहेर काढली. टाळ्या वाजल्या." मग थांबली आणि बोलिली, "पहिल्या रांगेत तू नव्हतीस. तिथे पिशवी ठेवली होती बाबांनी, तुझ्यासाठी जागा." बाईसाहेबांनी तिला जवळ घेऊ पाहिले, परंतु ढाल आड आली.

इतक्यात राजश्री स्वयंपाकघरातून आले. तेही थकले होते, हे लिहिणे उचित. ते बोलिले, "अगं काय हे, फोन बंद करून बसलीस! नाडी तुटली, मागचं दार कुठलं ते कळेना, किती हाल झाले आमचे. आधी सगळं नीट सांगून जायचं होतंस ना." तेव्हा बाईसाहेब क्षोभल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि ते पाहून मातुश्री उठून शौनकाजवळ जाऊन बसल्या. बाईसाहेब बोलिल्या, "सांगून. बरोबर. मी सांगायचं. म्हणजे मी आठवायचं, मी लक्षात ठेवायचं, वेळेवर तुला सांगायचं, सांगितलेलं झालं का ते बघायचं, आणि मग तू केलंस म्हणून तुला थँक्यू म्हणायचं. हृषी, काम तू करतोस रे. पण काम आहे हे आठवायचं काम आठ वर्षं माझ्या एकटीच्या डोक्यात चालू आहे. आज त्यात पाइप फुटला. माणूस खाली असता तर?" राजश्रींचा चेहरा उतरला. ते खुर्चीत बसले आणि खरेपणाने म्हणाले, "बरं. चुकलं. मग आता मी काय करू, सांग." बाईसाहेबांनी दोन्ही हातांनी कपाळ धरिले. "हेच! हेच रे ते!" आणि त्यांस हसू आले की रडू हे कोणास कळले नाही, त्यांसही नाही. मातुश्री सोफ्यावरून म्हणाल्या, "तोही दमलाय गं." बाईसाहेब बोलिल्या, "अहो आई, दमलाय ना, पण पोरीच्या नाटकाचा दिवस त्याला अगदी कायमचा लक्षात राहील, कारण आज विचारायला मी नव्हते. मला हेच पाहिजे."

दुसरे दिवशी तह जाहला. तहाचे कलम मुख्य एकच: रेवती आणि शौनक यांचे शाळाखाते राजश्री हृषीकेशराव यांचे स्वाधीन, सर्व अधिकारांसह आणि सर्व विसरण्यांसह. शाळेचे फोन, सूचना, गणवेश, रंगपेटी, पालकसभा, त्यांचे ते जाणोत. बाईसाहेबांस विचारणे नाही. राजश्रींनी कबूल केले आणि म्हणाले, "फक्त सुरुवातीला थोडी आठवण करून दे." बाईसाहेब बोलिल्या, "नाही. हे दुसरं कलम. मी आठवण करून देणार नाही." मातुश्रींनी हे ऐकिले आणि आपणहून भाजीचे खाते मागोन घेतले, अट ऐसी की आज भाजी काय हे कोणी विचारू नये आणि आली त्यास नावे ठेवू नये. त्याप्रमाणे राज्यात लागोपाठ पडवळ येऊ लागले. बाईसाहेबांस पडवळ बिलकुल आवडत नसे. त्यांनी ते मुकाट खाल्ले.

तह करणे सोपे, पाळणे कठीण, आणि राजश्रींपेक्षा बाईसाहेबांस अधिक कठीण पडले. एके सायंकाळी त्यांस दिसले की रेवतीची रंगपेटी टेबलावर आहे, आणि उद्या चित्रकलेची स्पर्धा. राजश्री सोफ्यावर बसोन क्रिकेट पाहात होते. बाईसाहेब टेबलाजवळून एकदा गेल्या, मग पुन्हा गेल्या. तोंड उघडिले आणि मिटले. मग त्या गॅलरीत गेल्या आणि कुंड्यांस पाणी घालू लागल्या, आणि घातलेल्या कुंड्यांस पुन्हा घालू लागल्या, इतके की खालचे मजल्यावरील बाईंनी वर पाहून हाक मारिली. सकाळी रंगपेटी टेबलावरच राहिली. दुपारी रेवती घरी आली ती रडून लाल जाहलेली. बाईसाहेब घरी पोचताच ती समोर उभी राहिली. "आई, रंगपेटी तुला दिसली होती ना?" बाईसाहेब खोटे बोलू शकत होत्या. त्या म्हणाल्या, "दिसली होती." "मग का नाही सांगितलंस?" हा प्रश्न ऐकोन तह मोडावा, सर्व खाती परत घ्यावी, आणि पूर्वीसारखे सुरळीत चालू द्यावे, ऐसे मनात आले. परंतु त्या खाली बसल्या, तिचे गाल पुसले आणि म्हणाल्या, "कारण शाळेचं आता बाबा बघतात. तू रागावलीस ना? माझ्यावरही रागाव, चालेल. पण बाबांना जाऊन सांग, जे मला सांगितलंस तेच." रेवती गेली. तिने बापास जे सुनाविले ते भिंतीपलीकडे ऐकू आले. मग राजश्री उठले, चपला घातल्या, कन्येस घेऊन बाहेर गेले, आणि परत आले तेव्हा दोघांचे हाती रंगीत कागद होते आणि रेवतीचे नाकास निळा रंग.

शाळेतील बाईंस हा तह मान्य होईना. त्यांचा फोन बाईसाहेबांसच येई. "मॅडम, शनिवारी पालकसभा आहे." बाईसाहेब म्हणाल्या, "रेवतीच्या बाबांना कळवा, बाई. नंबर दिलाय मी." मग बाई संकोचाने म्हणाल्या, "अहो पण बाबांना कसं विचारायचं? त्यांना माहीत असतं का काही?" बाईसाहेब बोलिल्या, "असतं. नसलं तर होईल." मग राजश्री पालकसभेस गेले. तेथे साऱ्या आया, आणि एकटे हे. सर्वांनी त्यांस खुर्ची दिली, चहा आधी दिला, आणि म्हणाल्या, "किती करता हो तुम्ही मुलांचं! रेवतीची आई नशीबवान." ही कीर्ती इमारतीत पसरली, मातुश्रींनी ती दूरच्या नातलगांस फोन करोन सांगितली, आणि बाईसाहेब जिन्यात ज्या भेटतील त्यांजकडून ती ऐकत वर येत. रेवतीचे बालवाडीपासून त्या प्रत्येक सभेस गेल्या होत्या, त्यांस कोणी खुर्ची पुसोन दिली नव्हती. त्यांनी दार उघडिले, पर्स आदळिली आणि राजश्रींस विचारिले, "चहा कसा होता?" राजश्री म्हणाले, "कुठला चहा?" बाईसाहेब म्हणाल्या, "काही नाही." आणि पडवळ चिरावयास बसल्या.

माघ मासी, रविवारी, जेवणे आटोपली. खिडकीचा पडदा ओढिला होता. मुले आजीजवळ होती. राजश्री आणि बाईसाहेब आडवे जाहले होते, आणि बाईसाहेबांचे डोळ्यांवर झापड येत होती. तोच राजश्री दचकून उठून बसले. "उद्या पीटी! पांढरे बूट! शौनकचे तर मागच्या सोमवारपासून चिखलात आहेत!" बाईसाहेबांची झोप उडाली, परंतु त्यांनी डोळे उघडिले नाहीत. राजश्री त्यांजकडे वळले, हे त्यांस पलंगाचे हालण्यावरून कळले. बुटांची पांढरी शाई कोठे आहे हे बाईसाहेबांस ठाऊक होते. त्यांनी ओठ आवळोन श्वास संथ चालू ठेविला. राजश्री उठले. मग कपाटाचे दार, मग खण, मग मोरीखालचा डबा, ऐसे एकेक आवाज येत गेले, आणि शेवटी गॅलरीतून ब्रश घासल्याचा आवाज येऊ लागला. त्या आवाजात राजश्री स्वतःशीच पुटपुटत होते, "घरात इतकी माणसं, पण एकाच्याही लक्षात कसं राहत नाही?" बाईसाहेबांनी उशी सरळ केली, भिंतीकडे तोंड केले आणि निद्रा केली.

सारांश, राज्य अद्याप पुरते सुधारले नाही. खात्यांतून खाती निघतात आणि एक सोडिले तर तीन उरतात. दवाखाना, पाहुणे, लग्नकार्ये अद्याप बाईसाहेबांकडे आहेत आणि त्यांविषयी बोलणी चालू आहेत. परंतु त्या रविवारी बाईसाहेब संध्याकाळपर्यंत निजल्या आणि कोणी उठविले नाही, हे वर्तमान खरे. जे घडले ते लिहिले. वाचणाराने मनात आणिले तर आपले घरी कोणते काम कोणाचे डोक्यात आहे हे एकदा पाहून घ्यावे. आणि ते पाहावयास आठवण दुसऱ्याने करोन द्यावी, ऐसे मात्र म्हणू नये. लेखनसीमा.